जीनलॅबच्या उन्हाळी वर्गाला बसण्याआधी

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला लागून नासाचं एम्स संशोधन केंद्र आहे. तिथला 'जीनलॅब फॉर हायस्कूल्स' हा उन्हाळी वर्ग शाळकरी मुलांच्या हाती खरी माहिती देतो. अवकाशात राहून आलेल्या प्राण्यांच्या आणि रोपांच्या जनुकांची ही माहिती संगणकावर तपासायची आणि शेवटी स्वतःचा संशोधन-प्रस्ताव मांडायचा. इथल्या मराठी घरांतून मला पहिला प्रश्न हमखास येतो, "आधी पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून घेऊ का?" शिक, चांगलंच आहे. पण आधी जीवशास्त्राची वही काढ.

डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन हा प्रवास कागदाकडे न बघता आजीला समजावून सांगता आला पाहिजे. यकृताच्या आणि स्नायूच्या पेशीत डीएनए तोच, मग त्या वेगळ्या कशा? कारण कोणती जनुकं किती बोलकी आहेत, म्हणजे त्यांच्यापासून किती आरएनए बनतो, हे दोन्हीकडे वेगळं असतं. आरएनए-सिक्वेन्सिंगमध्ये आपण हेच मोजतो. हे मनात पक्कं बसलं की पुढचे आकडे परके वाटत नाहीत.

मग गुरुत्वाकर्षणाबद्दलचा गैरसमज काढून टाक. अंतराळ स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. वजन जाणवत नाही, कारण स्थानक आणि त्यातली माणसं सतत एकत्र पडत असतात. तिथे भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यांनी घटू शकते, म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. त्याशिवाय किरणोत्सर्ग आहे, दिवसाला १६ सूर्योदय आहेत, उड्डाणाचे हादरे आहेत. 'अवकाशाचा परिणाम' असं एका शब्दात लिहिण्याआधी ही सगळी यादी वहीत उतरव.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ते: कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून उंदीर स्थानकावर गेले, ती 'रोडंट रिसर्च-१' मोहीम. जमिनीवर त्यांच्या जोडीचे उंदीर तशाच पिंजऱ्यांत, स्थानकावरच्यासारख्याच तापमानात आणि हवेत ठेवले होते. म्हणजे फरक फक्त उड्डाणाचा उरावा. तरीही यकृताचे नमुने तपासताना एक गोष्ट पुढे आली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. काही उंदरांचं यकृत लगेच काढून जतन केलं होतं, तर काही उंदीर अख्खे गोठवून नंतर त्यांचं यकृत काढलं होतं. आरएनएमध्ये दिसणाऱ्या फरकात नमुना जपण्याच्या या पद्धतीचा वाटा उड्डाणाच्या वाट्यापेक्षा मोठा निघाला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसले होते. म्हणून नासाच्या खुल्या माहिती-भांडारात या यकृतांचा ओएसडी-४८ हा संच उघड आणि आलेखांकडे वळण्याआधी नमुन्यांचा तक्ता वाच. किती प्राणी, कोणत्या वयाचे, नर की मादी, नमुना कधी आणि कसा जपला? प्रत्येक रकान्यापुढे लिही, "हा फरक गुरुत्वाकर्षणाचा आहे की दुसऱ्याच कशाचा?" हे भांडार सगळ्या जगाला खुलं आहे; वर्गाला प्रवेश नसला तरी साताऱ्यातली किंवा मडगावातली मुलगीसुद्धा मे महिन्याच्या सुट्टीत हे करू शकते.

स्वयंपाकघरातही सराव होतो. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी उगवायला ठेवली होती. तू दोन वाट्यांत मूग भिजव. एक अंधारात ठेव, एक उजेडात. बाकी पाणी, दाण्यांची संख्या, कापड सगळं सारखं. दोन दिवसांनी मोड मोज आणि मग विचार: उजेडातली वाटी जास्त तापली तर नव्हती ना? एकेकच वाटी ठेवून खात्री कशी देणार? मग तीन-तीन ठेव.

सिक्वेन्सिंगमधून आलेली कच्ची माहिती फास्टक्यू फाइलमध्ये असते; ती एकदा साध्या एडिटरमध्ये उघडून बघ. वाचलेल्या एका जनुकीय तुकड्याच्या चार ओळी असतात: नाव, अक्षरं, अधिक-चिन्ह आणि प्रत्येक अक्षराचा दर्जा. दर्जा २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. अशी माहिती तपासायची 'गॅलेक्सी' ही मोफत यंत्रणा ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे महागड्या लॅपटॉपची गरज नाही. पालकांनी तो खर्च वाचवावा.

संख्याशास्त्रातलं एकच गणित, पण ते हाताने कर. समजा, २०,००० जनुकं तपासली आणि उड्डाणाचा कशावरच परिणाम झालेला नाही. परिणाम नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; तिला ०.०५ ची मर्यादा लावली तरी निव्वळ योगायोगाने साधारण १,००० जनुकं 'बदललेली' दिसतील. पी-व्हॅल्यू सुधारून का घ्यायची हे त्या हजारातून कळतं, सूत्र पाठ करून कळत नाही.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर आधी तो रकाना 'टेक्स्ट' कर. एक्सेल 'मार्च१' सारख्या नावांच्या तारखा करून टाकायचं. २०२० साली मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा काही जनुकांची नावंच बदलली. मूळ फाइल कधीही बदलायची नाही, प्रत घेऊन काम करायचं.

चार्जर, इंटरनेट, अर्जाच्या तारखा आणि अटी हे आईबाबांबरोबर एका संध्याकाळी उरकून टाक. भारतात सुट्टीला जाणार असाल तर तिकिटं काढण्याआधी वर्गाच्या तारखा बघा.

आणि एक जाडसर वही घे. रोज काय केलं, कोणत्या सेटिंगने केलं, काय फसलं, हे तारखेसह लिहायला आजपासूनच सुरुवात कर. पहिलं पान मात्र एका प्रश्नासाठी राखून ठेव, तुला खरोखर पडलेल्या. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीने तिथे लिहिलं होतं: "उंदीर परत आल्यावर त्याच्या यकृताला पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?" तिचा प्रस्ताव त्यातूनच उभा राहिला.