व्हीएक्सलॅनमध्ये अडकणारी मोठी पॅकेट्स: माझा अनुभव

आमच्या डेटा सेंटरमध्ये एक स्पाइन स्विच (सर्व्हर जोडलेल्या लीफ स्विचना एकमेकांशी जोडणारा मधला स्विच) बदलल्यानंतर काही सर्व्हरचे बॅकअप मध्येच थांबू लागले. पिंग मात्र व्यवस्थित जात होते, आणि तेच बॅकअप पुन्हा सुरू केले की कधी पूर्णही होत.

लहान पॅकेट जाते आणि मोठे अडते, असे दिसले की मी सर्वप्रथम एमटीयू, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार, तपासतो. व्हीएक्सलॅन मूळ पॅकेट दुसऱ्या यूडीपी पॅकेटमध्ये गुंडाळून खालच्या जाळ्यावरून नेते आणि त्यात ५० बाइट वाढतात, त्यामुळे १५०० बाइटच्या पॅकेटसाठी खालच्या जाळ्यात किमान १५५० बाइट लागतात, आणि आरएफसी ७३४८ नुसार (व्हीएक्सलॅनची व्याख्या करणारा दस्तऐवज) टोकाच्या स्विचने त्याचे तुकडे करायचे नसतात. शिवाय ईसीएमपीमध्ये (सारख्याच खर्चाच्या अनेक मार्गांवर वाहतूक वाटण्याची पद्धत) प्रत्येक प्रवाह यूडीपीच्या स्रोत पोर्टनुसार वेगळ्या स्पाइनवरून जाऊ शकतो, म्हणून दोष एकाच स्पाइनवर असला तरी बिघाड अधूनमधूनच दिसतो. लीफ ते लीफ चाचणी इथे फसवी ठरते, कारण ती दोष नसलेल्या स्पाइनवरून जाऊ शकते. मी प्रत्येक लिंकवर, तुकडे न करण्याची सूचना देऊन, हेडरसह १५५० बाइटचे पिंग पाठवले; नव्या स्पाइनच्या सर्व लिंकवर ते अडले, कारण तिथे मूळचे १५०० हेच मूल्य राहिले होते.

हाताने केलेली दुरुस्ती मला पुरेशी वाटली नाही. एमटीयूचे ९२१६ हे मूल्य अन्सिबलच्या (उपकरणांचे कॉन्फिगरेशन आपोआप करणारे साधन) एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यावरून सर्व लिंकचे कॉन्फिगरेशन तयार केले, आधी चेक आणि डिफ या, बदल न करता फरक दाखवणाऱ्या पर्यायांनी फरक वाचला, मगच बदल लागू केला. काही उत्पादक एमटीयूमध्ये इथरनेट हेडर धरतात, काही धरत नाहीत. म्हणून तीच पिंग चाचणी प्लेबुकच्या (अन्सिबलच्या कामांची यादी) शेवटी जोडली असून, ती नापास झाल्यास तो स्पाइन वाहतुकीत घेतला जात नाही.