सफरचंदाची पेटी घरी आली, आता पुढे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास काश्मीरचा माल बाजारात उतरतो आणि सफरचंदाचा भाव खाली येतो. पेटी घ्यायची तर तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये मिळणारं देशी सफरचंद बहुधा मागच्याच हंगामात तोडलेलं असतं. प्राणवायू कमी केलेल्या, शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या गोदामात ते महिनोन्‌महिने टिकतं. पण बाहेर आलं की भराभर मऊ पडतं. उन्हाळ्यात किलोभर पुरे.

मुळात हे फळ थंडीचं. त्याचे रानटी पूर्वज कझाकस्तानातल्या तिएनशान डोंगरांत आजही उगवतात. हिमाचलात लाल, गोड ‘डिलिशस’ जातीची झाडं 1916 च्या सुमारास कोटगडला लावली ती सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने. पुढे तो इथलाच झाला, सत्यानंद म्हणून. काश्मीरची स्वतःची जात म्हणजे अंबरी. दिसायला भडक नाही, पण वास असा की घर दरवळतं. दिसली तर सोडू नका.

घेताना रंगावर जाऊ नका. फळ हाताला जड आणि घट्ट लागलं पाहिजे, सालीवर सुरकुती नको.

घरी आल्यावर आधी निवडा. डागी, ठेचकाळलेली बाजूला काढा आणि ती आधी संपवा. एक सडकं फळ शेजारची चार बिघडवतं. बाकीची धुऊ नका, ओली फळं लवकर बुरशी धरतात. भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रिजमध्ये मावत नसतील तर एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. देशावरच्या थंडीत हे जमतं, मुंबई-कोकणच्या दमटपणात फार दिवस नाही.

तोडल्यावरही सफरचंद इथिलीन वायू सोडत राहतं. त्यामुळे शेजारची पालेभाजी पिवळी पडते, गाजरं कडवट होतात. भाजीचा कप्पा वेगळाच हवा. कच्चे चिकू पिकवायचे असतील तर मात्र त्यांच्यात एक सफरचंद ठेवून द्या.

खायच्या वेळी धुवा. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून 12-15 मिनिटं बुडवून ठेवलं, की सालीवरची फवारणी बरीचशी निघते. आत मुरलेली निघत नाही. त्याची धास्ती असेल तर साल काढा. डब्यात फोडी द्यायच्या तर मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुऊन घ्या, काळ्या पडणार नाहीत. लिंबूही चालतं, पण चव बदलते.

मऊ पडलेल्यांचा शिरा करावा. दोन सफरचंदं सोलून किसा. चमचाभर तुपात किसाचं पाणी आटेपर्यंत परता, पाऊण वाटी साखर घाला, विरघळली की उतरवा. दुसरीकडे वाटीभर रवा अर्ध्या वाटी तुपात खमंग भाजा, दोन वाट्या उकळतं दूध ओता, झाकण ठेवून वाफ आणा. रवा पूर्ण फुलल्यावरच कीस मिसळा. आधी घातलात तर फळाच्या आंबटपणाने दूध फाटण्याची भीती असते. वेलचीऐवजी चिमूटभर दालचिनी घालून बघा, सफरचंदाला तीच शोभते.