तीन धुरांडी की चार? जुन्या फोटोतली ब्रिटिश चिलखती क्रूझर ओळखताना

फोटोखाली छापलेलं नाव आधी झाकून ठेवा. एकाच वर्गातल्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या बहिणी (जहाजं) इतक्या सारख्या दिसतात की छापील नावावर विसंबलात तर फसाल. १८९९ ते १९०७ या काळात पाण्यात उतरलेल्या अशा ३५ चिलखती क्रूझर, म्हणजे बाजूंना जाड पोलादी चिलखत असलेल्या वेगवान युद्धनौका, ७ वर्गांतल्या. आधी वर्ग ठरवायचा, नाव मागाहून.

धुरांडी मोजा. ती तीन असतील तर मॉनमथ वर्ग. बाकी सहाही वर्गांना चार. जहाज तिरकं उभं असेल तर एक धुरांडं दुसऱ्याआड लपतं, म्हणून बाजूने काढलेलाच फोटो धरा. शिवाय हायफ्लायर वर्गाच्या हलक्या क्रूझरलाही तीनच धुरांडी असतात. तिथे पुढच्या डेकवर टरेट (फिरता चिलखती तोफबुरूज) नसून ढालीमागे सुटी तोफ दिसते. मॉनमथच्या टरेटमधून ६ इंची (नळीच्या पोकळीचा व्यास) दोन नळ्या बाहेर येतात.

चार धुरांडी निघाली की भिंग घेऊन कुशीकडे, म्हणजे जहाजाच्या बाजूकडे वळा, कारण खरी ओळख तिथेच पटते. जहाजाच्या बाजूला चिलखती कोठडीत बसवलेल्या तोफेला केसमेट म्हणतात. ड्रेक वर्गात प्रत्येक बाजूला दुमजली केसमेटच्या चार जोड्या, म्हणजे आठ तोफा. क्रेसी वर्गात दुमजली जोड्या फक्त दोन टोकांना आणि मधे खालच्या मजल्यावर दोन एकट्या, म्हणजे सहा. दोन्हींत पुढे-मागे ९.२ इंची एकेक तोफ असते.

या खालच्या मजल्याकडे नीट बघा. तोफा पाण्याच्या इतक्या जवळ की समुद्र खवळला की निकामी. १ नोव्हेंबर १९१४ ला चिलीजवळ जर्मन आरमाराशी झालेल्या कोरोनेलच्या लढाईत ड्रेक वर्गातलं ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ यांना हेच भोवलं; दोन्ही जहाजं सगळ्या खलाशांसह बुडाली. मॉनमथ वर्गाचा कमरपट्टा (पाण्याच्या पातळीलगतचं बाजूचं चिलखत) तर जास्तीत जास्त ४ इंच जाड, इतर वर्गांचा ६ इंच. वेग २३ नॉट, पण वेगाने तोफगोळा अडत नाही.

पुढच्या वर्गांत केसमेट कमी आणि टरेट जास्त. डेव्हनशायर वर्गात ७.५ इंची चार एकेरी टरेट: पुढे एक, मागे एक, पुढच्या डोलकाठीच्या दोन्ही अंगांना एकेक. ड्यूक ऑफ एडिनबर्ग वर्गात ९.२ इंची सहा एकेरी टरेट आणि खाली ६ इंची तोफांची रांग. वॉरियर वर्गात ती रांग गायब, तिच्या जागी वरच्या डेकवर दर बाजूला ७.५ इंची दोन टरेट. मिनोटॉर वर्गात पुढचं-मागचं ९.२ इंची टरेट दुनळी आणि कुशीला पाच-पाच टरेट. ‘मिनोटॉर’ची धुरांडी बुटकी दिसली तर फोटो १९०९ पूर्वीचा, कारण त्या वर्षी ती १५ फुटांनी वाढवली.

रंगही बघा. काळं अंग, पांढरा वरचा भाग आणि पिवळसर धुरांडी असतील तर साधारण १९०३ च्या आधीचा फोटो. नंतर सगळं करडं. धुरांड्यांवरचे पांढरे पट्टे महायुद्धाआधीच्या काही वर्षांत बहिणी-बहिणी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून रंगवलेले. नाव ठरवताना ते सगळ्यात उपयोगी.

आता एक चाचणी. १९०२ ते १९०९ भारताचे सरसेनापती असलेले किचनर ५ जून १९१६ ला ज्या ‘हॅम्पशायर’वर बुडाले, ती डेव्हनशायर वर्गातली. तिच्या नावाच्या फोटोत तीन धुरांडी दिसली, किंवा पुढच्या डोलकाठीच्या अंगाला टरेटऐवजी दुमजली केसमेट दिसलं, तर तो फोटो दुसऱ्याच जहाजाचा आहे.