पॉवर सायकल मारण्याआधी

सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि मी पुण्यात, रात्रपाळीला. मशीन अडकलं, एसएसएच (दुरून लॉगिन) लागेना, पिंगलाही उत्तर नाही. नोकरीचा तो पहिलाच महिना होता, त्यामुळे आता कुणाला तरी गाडी काढून जावं लागणार असंच मला वाटलं. टीममधल्या सीनियर ताईंनी शांतपणे एक ओळ टाइप केली आणि त्या मेलेल्या वाटणाऱ्या मशीनकडून पंख्यांचा वेग, सीपीयूचं तापमान, दोन्ही पॉवर सप्लायची अवस्था असं सगळं स्क्रीनवर आलं. त्या रात्रीपासून मला या कामाची गोडी लागली.

हे उत्तर देतं ते बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. मदरबोर्डवरच्या या चिपला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःचा आयपी असतो. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लावलेली असेल, तर ही चिप स्टँडबाय विजेवर जागी राहते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. या सगळ्यांना समजणारी जुनी भाषा म्हणजे आयपीएमआय. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ती 1998 मध्ये आणली, 2.0 आवृत्ती 2004 ची. नेटवर्कवर ती यूडीपी पोर्ट 623 वापरते. आपल्या हातात असतं ते आयपीएमआयटूल, म्हणजे ही भाषा बोलणारा कमांडचा प्रोग्राम.

नवीन माणूस पहिल्यांदा ‘चेसिस पॉवर’, म्हणजे मशीन चालू-बंद करायची कमांड शिकतो, आणि घोळही तिथेच होतो. ‘सॉफ्ट’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला नीट बंद हो म्हणून सांगणं. ‘ऑफ’ म्हणजे थेट वीज तोडणं. ‘रीसेट’मध्ये वीज न तोडता मशीन जागच्या जागी पुन्हा सुरू होतं, ‘सायकल’मध्ये वीज जाऊन परत येते. ‘सॉफ्ट’ सोडलं तर बाकी कुणी डिस्कवर लिहिणं पूर्ण व्हायची वाट बघत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. आमच्याकडे बीएमसीचे आयपी पत्ते डीएचसीपीने आपोआप मिळायचे आणि ते एका एक्सेल शीटमध्ये नोंदवलेले होते. रॅकमध्ये विजेचं काम झालं, पत्ते बदलले, शीट मात्र तशीच राहिली. पहाटे तीनच्या सुमारास मी शीटमधला पत्ता घेऊन ‘सायकल’ मारलं. मॉडेल तेच, पासवर्डही तोच, त्यामुळे लॉगिन बिनबोभाट झालं. बंद पडला तो चालू डेटाबेसचा सर्व्हर. तो पूर्वपदावर यायला सकाळ झाली.

तेव्हापासून मी पॉवरची कोणतीही कमांड देण्याआधी ‘एफआरयू प्रिंट’ मारते. त्यात मशीनचा सीरियल नंबर येतो. तो कामाच्या तिकिटातल्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळला, तरच पुढे. डेटा सेंटरमध्ये कुणी हजर असेल तर ‘चेसिस आयडेंटिफाय 60’ द्यायचं. मशीनवरचा दिवा साठ सेकंद लागतो आणि फोनवरचा माणूस सांगतो, “हो मॅडम, वरून चौथा.” एवढ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी सवय म्हणजे रीस्टार्ट करण्याआधी ‘एसईएल इलिस्ट’ वाचायची. ही हार्डवेअरची रोजनिशी असते: कोणत्या स्लॉटच्या मेमरीत ईसीसी एरर (डेटातल्या चुका) आले, कोणता पॉवर सप्लाय कधी गेला. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बीएमसीचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, म्हणून रात्री दोनची घटना तिथे आदल्या दिवशीच्या 20:30 ला दिसते. मी सुरुवातीला साडेपाच तासांनी चुकलेल्या वेळेचे लॉग चाळत बसले होते. शिवाय या रोजनिशीत जागा मोजकीच असते. काही मशीन ती भरली की नवीन नोंदी घेणंच बंद करतात. अधूनमधून फाइलमध्ये उतरवून घ्या आणि मगच ‘क्लिअर’ करा.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते सीरियल ओव्हर लॅन (सोल), म्हणजे मशीनचा कन्सोल नेटवर्कवरून बघणं; त्याची कमांड ‘सोल ॲक्टिव्हेट’. कर्नल पॅनिक झालेली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळलेली मशीन शेवटचं काय म्हणाली, ते इथे दिसतं. पण त्यासाठी आधी बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू हवं, आणि कर्नललाही कोणत्या सीरियल पोर्टवर किती वेगाने बोलायचं ते सांगितलेलं हवं. हे मशीन धडधाकट असतानाच करून ठेवा. बाहेर पडायला ‘~.’ दाबायचं. आता गंमत बघा, एसएसएचमधून बाहेर पडायचीही तीच खूण आहे. जंप सर्व्हरवर (मधल्या मशीनवर) एसएसएचने जाऊन तिथून सोल उघडलं असेल, तर ‘~.’ने एसएसएच तुटतं आणि सोलचं सेशन मागे अडकून राहू शकतं. तिथे ‘~~.’ दाबायचं. तरीही अडकलंच तर ‘सोल डीॲक्टिव्हेट’.

सुरक्षिततेबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. आयपीएमआय 2.0 च्या लॉगिन पद्धतीतच एक खोट आहे: लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डचा हॅश (त्यापासून बनलेला सांकेतिक ठसा) देऊन टाकतं, आणि तो निवांत बसून फोडता येतो. हे 2013 पासून जगजाहीर आहे. पासवर्डही जास्तीत जास्त 20 बाइटचा. म्हणून बीएमसी कायम वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचं, इंटरनेटवर उघडं कधीच नाही. पासवर्ड न तपासताच आत घेणारा सायफर झिरो बंद करायचा. पासवर्ड कमांडमध्ये लिहायचा नाही, कारण तो कमांडच्या हिस्टरीत उरतो. तो फाइलमधून द्या.

नव्या मशीनसाठी रेडफिश ही याच कामाची नवी भाषाही शिकून घ्या. डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ते 2015 मध्ये आणलं. एचटीटीपीएस आणि जेसनवर चालत असल्यामुळे कर्ल किंवा पायथन येत असेल तर जड जात नाही. जुनी मशीन मात्र अजून वर्षानुवर्षं रॅकमध्ये राहणार आहेत, तेव्हा आयपीएमआय सोडून चालणार नाही.

सरावाला सर्व्हर हवाच असं नाही. ओपनस्टॅकचं व्हर्च्युअलबीएमसी, म्हणजे बीएमसीची नक्कल करणारा प्रोग्राम लिनक्सच्या लॅपटॉपवर टाका, केव्हीएमवरच्या व्हर्च्युअल मशीनला ते जोडा, पोर्ट 6230 द्या, आणि आयपीएमआयटूलने ते चालू-बंद करून बघा. ‘सॉफ्ट’ आणि ‘ऑफ’ देताना त्या मशीनचा कन्सोल शेजारी उघडा ठेवा. एकात सर्व्हिस एकामागून एक थांबताना दिसतात, दुसऱ्यात कन्सोल तिथल्या तिथे तुटतो.