सातव्या मजल्यावरचा वॉशर

जुलै आला की 'बी' फॉर्मची, म्हणजे इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या परवानाधारक एजन्सीच्या दाखल्याची घाई. २००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार तो जानेवारीतही द्यावा लागतो. यंदा आमच्या सोसायटीचा जॉकी पंप (या यंत्रणेच्या पाइपातला पाण्याचा दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा आपोआप सुरू व्हायचा. कुणीतरी वैतागून पॅनलचा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकला. आग लागली असती तर व्हॉल्व्ह उघडूनही पंप सुरू झाला नसता! अजून अंगावर काटा येतो.

पाइपात दाब टिकत नाही, म्हणजे गळती. वॉचमनकाका आणि मी टॉर्च घेऊन मजल्यामागून मजला डक्ट पाहिले. सातव्यावर चपलांच्या रॅकमागे हायड्रंट व्हॉल्व्हमधून (आग विझवायला पाणी घ्यायच्या नळातून) बारीक धार लागलेली. रबरी वॉशर कडक होऊन चिरलेला. परवानाधारक एजन्सीने तो बदलला, आम्ही रॅक हलवला, स्विच पुन्हा 'ऑटो'वर. सर्वात वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडला आणि खाली पंप स्वतःहून सुरू झाला.