झिरो बॅलन्स खात्यातून एटीएमने पैसे काढताना चार्ज कसा वाचवायचा

मावशीचं पासबुक बऱ्याच महिन्यांनी भरून आणलं आणि बघतो तर मधेमधे वीस-बावीस रुपये कट झालेले, कुठे लागोपाठ तीनदा. निराधारचे पैसे येतात तेच खातं. घरात रोकड ठेवली की टिकत नाही म्हणून ती लागेल तसे दोनशे-तीनशे काढायची, महिन्यातून सहा-सात वेळा, आणि नेमकं तिथेच अडकत होती. कारण या खात्यांवर मोजलं जातं ते किती रुपये काढले हे नाही, किती वेळा काढले हे. दोनशे काढा नाहीतर दोन हजार, वेळ एकच धरली जाते. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून इथे सगळं नीट लिहितोय.

आधी खातं कुठलं आहे ते बघा

पासबुकच्या पहिल्या पानावर खात्याचा प्रकार असतो. तिथे बीएसबीडी, बीएसबीडीए (बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट) किंवा जनधन असं काही दिसलं तर ते बेसिक खातं. ऑगस्ट २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रकार आणला, त्याआधी याला नो-फ्रिल्स खातं म्हणायचे, आणि २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झाल्यावर घरोघरी हीच खाती उघडली गेली. पण झिरो बॅलन्स दिसलं म्हणजे बेसिकच असं नाही, पगाराची खातीपण झिरो बॅलन्सच असतात आणि त्यांचे नियम वेगळे. पानावर समजत नसेल तर काउंटरवर सरळ विचारा, "हे खातं बीएसबीडी आहे का?"

चार वेळा म्हणजे नक्की काय

नियम असा आहे की बेसिक खात्यातून महिन्याला कमीत कमी चार वेळा पैसे फुकट काढू दिलेच पाहिजेत, आणि या चारात एटीएमपण आलं आणि काउंटरवर स्लिप भरून काढलेलंपण आलं. म्हणजे दोनदा शाखेत जाऊन काढले तर एटीएमसाठी दोनच उरतात. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण साध्या बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर ५ आणि दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत ३ नाहीतर बाकी ठिकाणी ५ फुकट असतात, ते आकडे लोकांनी ऐकलेले असतात आणि आपल्यालाही तेच लागू असं धरून चालतात. बेसिक खात्याला ते लागू नाहीत. काही बँका चारपेक्षा जास्त देतात, म्हणून आपल्या बँकेचा आकडा एकदा विचारून पासबुकच्या कव्हरवर लिहून ठेवा.

पैसे खात्यात भरायला मात्र मर्यादा नाही, कितीही वेळा भरा.

काय मोजलं जात नाही

एटीएममध्ये रोकडच नव्हती, मशीन बंद पडलं, नेटवर्क गेलं, पिन चुकला, यातलं काहीही मोजायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपल्याच बँकेच्या एटीएमवर बॅलन्स बघितला तर तेही मोजत नाहीत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मात्र नुसता बॅलन्स बघायला जाऊ नका, त्यापेक्षा बँकेचा मिस्ड कॉलचा नंबर असतो तो वापरा, मेसेज येतो.

दुकानात कार्ड स्वाइप करणं, यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस याबद्दल पूर्वी मोठा घोळ होता, काही बँका तेसुद्धा चारात धरून चार्ज लावायच्या. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने यूपीआय आणि रुपे कार्डवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले चार्ज परत करायला सांगितले होते. आता रिझर्व्ह बँकेच्या सुधारित नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेत, डिजिटल पेमेंट चारात धरायचंच नाही, आणि एटीएम कार्डाची वार्षिक फीपण घ्यायची नाही.

मग महिना कसा काढायचा

मावशीसाठी आम्ही जे ठरवलं तेच सांगतो. महिन्याचे चार आठवडे, आठवड्याला एकदा, आणि काढताना पुढच्या आठवड्याचा अंदाज घेऊनच काढायचे. किराणा आणि औषधं दोन्हीकडे कार्ड चालतं, तिथे स्वाइपच करायचं म्हणजे रोकड लागतेच कमी. प्रत्येक वेळी काढले की पासबुकच्या मागच्या पानावर पेन्सिलने एक रेघ, चार रेघा झाल्या की कार्ड डब्यात. एक तारखेला परत सुरू.

शेवटची वेळ शक्यतो राखून ठेवा, महिनाअखेरीस दवाखाना वगैरे निघाला तर हाताशी असावी. खात्यात किती आहेत हे माहीत नसताना आकडा टाकून बघू नका, कमी पैसे असले की व्यवहार नाकारला जातो आणि बऱ्याच बँका त्याचाही चार्ज लावतात, गरिबाकडे पैसे नाहीत म्हणून त्याचेच पैसे कापायचे हे मला कधीच पटलं नाही, पण आहे असं.

कागदपत्रं अपुरी असताना उघडलेलं छोटं खातं

मशीन पैसेच देत नसेल आणि बॅलन्स तर दिसतोय, असं झालं तर हे तपासा. पूर्ण केवायसी (ओळख-पत्त्याची कागदपत्रं तपासणं) नसताना उघडलेल्या छोट्या खात्यात एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, वर्षाला एकूण १ लाखापर्यंतच जमा होऊ शकतात आणि महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. यावर उपाय एकच, आधार किंवा मतदार कार्ड घेऊन शाखेत जायचं आणि केवायसी पूर्ण करून घ्यायची.

चुकीचा चार्ज कट झाला तर

पासबुक भरून घ्या, त्या एंट्रीभोवती गोल करा आणि त्या महिन्यात पैसे किती वेळा काढले ते मोजा. खरंच चारच्या आत असतील तर शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी नाही, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पैसे कट झाले पण मशीनमधून आलेच नाहीत अशी केस असेल तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने ते आपणहून परत टाकायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि ती मागावी लागू नये असा नियम आहे, तरी अर्जात लिहाच. मशीनची पावती असेल तर जपून ठेवा, नसेल तर तारीख, वेळ आणि एटीएम कुठलं ते तरी लगेच लिहून ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार करता येते, फी काहीच नाही. १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, तिथे तक्रार कशी करायची ते मराठीतूनही सांगतात. वीस रुपयांसाठी कशाला असं शाखेत कोणी म्हणालं तरी शिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, पुढे लोकपालाकडे तीच प्रत लागते.