पानगळीची ओरिगामी मुलांसोबत करताय? या चुका टाळा

चार-पाच वर्षांचं मूल ‘मला नाही येत’ म्हणत कागद चुरगळतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा त्याच्या बोटांचा नसतो. कागद जाड असतो, चौकोन पुरता चौकोन नसतो, नाहीतर पहिलीच घडी सरकलेली असते. पान, कोल्हा, भोपळा अशा पानगळीच्या सोप्या वस्तू करताना अडायला होतं ते ठरावीक जागीच, आणि त्यातल्या बऱ्याच अडचणी मूल टेबलापाशी येण्याआधीच दूर करता येतात.

कागद निवडतानाच चुकतं

तपकिरी आणि केशरी रंग कार्डशीटमध्ये छान मिळतात म्हणून तेच आणलं जातं. पण कार्डशीट दुमडलं की घडीवर तडकतं, आणि तिसऱ्या-चौथ्या घडीला मोठ्यांनाही जोर लावावा लागतो. छपाईचा साधा रंगीत कागद (७० ते ८० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा घोटीव कागद घ्या. पतंगाचा कागद दिसतो सुंदर, पण एकदा चुकलेली घडी उलगडून पुन्हा घालताना फाटतो. लहान मुलांच्या हातून घडी एकदा तरी चुकतेच, तेव्हा तो राहू द्या.

ओरिगामीचा तयार कागद सहसा १५ सेंटीमीटरचा असतो. छोट्या हातांना तो मोठा वाटेल असं आपण समजतो, पण प्रत्यक्षात उलटं होतं. कागद लहान असला की शेवटच्या घड्या बोटांत मावत नाहीत. ए-४ कागदातून २१ सेंटीमीटरचा चौकोन निघतो, तो सुरुवातीला उत्तम. मात्र चौकोन अंदाजाने कापू नका. कागदाची आखूड कड लांब कडेवर नेऊन त्रिकोण करा आणि उरलेली पट्टी कापून टाका. मग दुसऱ्या कर्णावर घडी घालून पाहा. कोपरे एकमेकांवर बसले नाहीत, तर तो चौकोन मुलाच्या हाती देऊच नका. दोन मिलिमीटरचा फरक पुढच्या प्रत्येक घडीत वाढत जातो, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

रंगांच्या बाबतीत सगळा गठ्ठा तपकिरी घेण्याचा मोह आवरा. पानातलं हरितद्रव्य कमी होऊ लागलं की आधीपासूनच असलेले पिवळे-केशरी रंग दिसू लागतात, आणि काही झाडांच्या पानांत त्याच सुमारास लाल रंग नव्याने तयार होतो. एकाच झाडावर हिरवं, पिवळं आणि तांबडं पान शेजारी शेजारी असतं. मुलांना गळलेली खरी पानं हातात देऊन रंग त्यांनाच निवडू द्या. जांभळट तपकिरी किंवा अर्धवट हिरवा असे आपल्याला न सुचणारे रंग ती बरोबर शोधून काढतात.

पहिली घडी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. मुलं कोपरा उचलतात, समोरच्या कोपऱ्याच्या आसपास ठेवतात आणि लगेच तळहाताने कागद चेपतात. कागद चेपताना सरकतो आणि कोपरे तिरपे होतात. हे काम तीन वेगळ्या पायऱ्यांत शिकवा. आधी कोपऱ्यावर कोपरा ठेवायचा. मग एका हाताच्या बोटाने तो तिथेच दाबून धरायचा. त्यानंतरच दुसऱ्या हाताचं बोट घडीच्या मध्यापासून एका टोकाकडे आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे फिरवायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम बोट ओढलं, की कागद पुढे ढकलला जातो.

घडी पुसट राहत असेल तर आइस्क्रीमच्या काडीने घासू द्या. आणि जमिनीवर, गादीवर किंवा मांडीवर पुस्तक ठेवून हे काम होत नाही. कडक, सपाट टेबल हवं.

एक बाजू रंगीत असेल तर पहिल्या घडीआधी रंग टेबलाकडे ठेवायचा. हे विसरलं की कोल्हा पांढरा होतो. तसा झालाच तर कागद फेकू नका. ध्रुवीय कोल्हा हिवाळ्यात खरोखरच पांढरा होतो, हे मुलांना सांगा आणि पुढे चला.

पान: घड्या गुंडाळल्या जातात

पंख्यासारख्या घड्यांचं पान मला या सगळ्यांत सर्वात आवडतं, कारण त्यात शिरा आपोआप उमटतात. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करा, म्हणजे दोन पानं होतील. पुष्कळ जण कापण्याऐवजी चौकोन दुमडून दुहेरी त्रिकोण घेतात, आणि तिथेच घोटाळा होतो. साधारण दीड सेंटीमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या पडतील अशा घड्या घातल्या की एकेरी कागदाचे मध्यावर दहा थर होतात. ती पट्टी मधोमध मोडली की वीस. दुहेरी कागदात हेच चाळीस होतात आणि मोडणं मुलाच्या ताकदीबाहेर जातं.

घड्या लांब कडेपासून सुरू करून टोकापर्यंत न्यायच्या. मुलं एकाच दिशेने दुमडत जातात आणि पंख्याऐवजी गुंडाळी तयार होते. ‘एकदा पुढे, एकदा मागे’ असं सांगून त्यांना उमगत नाही. त्याऐवजी ‘दुमड, कागद उलटा कर, दुमड, उलटा कर’ असं लयीत म्हणा. घडी नेहमी पुढेच घालायची, उलटायचा तो कागद. लय एकदा लागली की गुंडाळी होत नाही.

पट्टी मधोमध मोडल्यावर लांब कडेचे दोन अर्धे भाग शेजारी येतात. ते एकमेकांना चिकटवले की पानाची मधली शीर तयार होते. पान पुन्हा उघडतं ते बहुधा गोंद ओला असतानाच हात सोडल्यामुळे. पातळ गोंदाऐवजी गोंदाची कांडी वापरा आणि सुकेपर्यंत कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवा. घड्या कमी-जास्त रुंदीच्या झाल्या तर पुन्हा करायला लावू नका. पान छानच दिसतं.

कोल्हा आणि भोपळा

कोल्ह्याच्या तोंडासाठी चौकोनाचा त्रिकोण करा, टोक वर आणि घडीची कड खाली. वरचं टोक थोडं खाली दुमडा. मग डावा आणि उजवा कोपरा खालच्या कडेच्या मध्यापासून तिरका वर न्या आणि कागद उलटा करा. मुलांना कोपरा कोपऱ्याला भिडवायची सवय लागलेली असते, म्हणून ती दोन्ही कोपरे थेट मध्यावर नेतात. कान एकमेकांना चिकटतात आणि हाती नुसता चौकोन उरतो. दोन कानांच्या मध्ये दोन बोटांची जागा ठेवायला सांगा. वरचं टोक दुमडायचं राहून गेलं तर कानांच्या मधोमध तिसरं टोक दिसतं. तेव्हा सगळं न उलगडता फक्त ते टोक मागे दुमडा.

भोपळ्याला चारही कोपरे थोडे थोडे मागे दुमडले की पुरे. कोपरे असमान झाले तरी चालतात, खरा भोपळाही कुठे सारखा असतो! तीन वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करायची तर हीच वस्तू घ्या.

मोठ्यांचे हात

मुलाची घडी वाकडी झाली की आपण ती हळूच सरळ करतो. मूल हे पाहतं आणि पुढचा कागद थेट आपल्याकडे सरकवतं. दुरुस्ती दाखवायचीच असेल तर आपला वेगळा कागद हातात घ्या. समोर बसून शिकवू नका, कारण तुमची डावी बाजू त्यांना उजवी दिसते. शेजारी बसा आणि तुमचा कागद त्यांच्यापेक्षा मोठा ठेवा. आकृत्यांमधल्या तुटक रेषा (पुढे घडी) आणि रेघ-टिंब रेषा (मागे घडी) या वयात वाचता येत नाहीत. त्या तुम्ही आधी वाचा, एकदा करून पाहा आणि मुलांना फक्त हाताने दाखवा.

तयार पानांची माळ करताना दोरा घड्यांच्या वरच्या थरातून ओवू नका, तिथे कागद फाटतो. चिकटवलेल्या शिरेच्या खालच्या टोकाशी, जिथे थर जास्त असतात, तिथे भोक पाडा आणि ते काम मोठ्यांनी करा. दमट हवेत घड्या सैल पडतात. माळ खिडकीपासून आणि स्वयंपाकघरातल्या वाफेपासून दूर लावा. पानं पसरट झालीच तर जुन्या घड्यांवरून पुन्हा मिटून रात्रभर पुस्तकाखाली दाबून ठेवा.